आई नसलेला आईचा फोटो

बाबा, गेल्या महिन्यात डिचोलीच्या बाजारात आई वारल्याची बातमी पसरली, आणि ती पसरायला कारण मी. तुम्ही तिकडे लगेच वाट बघत बसू नका. ती ठणठणीत आहे, आज सकाळीच फोनवर तिने माझी चांगली कानउघाडणी केली. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहायला बसले तर तक्रार घेऊन. तक्रार लिहिताना मधेच हसू येतं आणि पेन थांबतं, त्यामुळे अक्षर बिघडलं तर बोलू नका.

सुरुवात तुमच्यापासूनच करायला हवी. मी बारा वर्षांची होते. तुम्ही एका लग्नाचे फोटो काढून आला होता, रोल संपत आला होता आणि कॅमेऱ्यात शेवटची तीन चित्रं उरली होती. तुम्ही जेवून पडला होता. मी कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आईचा रिकामा चहाचा कप, खुंटीवरचं तिचं जुनं पातळ आणि उंबऱ्याजवळच्या तिच्या चपला, असे तीन फोटो काढले. मला काय म्हणायचं होतं ते मला नीट सांगता आलं नसतं, पण काहीतरी म्हणायचं होतं हे नक्की. दोन दिवसांनी तुम्ही मला तुमच्या स्टुडिओत बोलावता. तुमच्या हातात ओली फिल्म आहे, बोटांची टोकं डेव्हलपरने नेहमीसारखी काळपट तपकिरी. तुम्ही रागावलेले नाही, तेच जास्त लागतं. फिल्म उजेडात धरून तुम्ही विचारता, "गो बाये, ह्यांत मनीस खंय आसा? फोटो म्हळ्यार मनीस." सुर्लाच्या खाणीच्या ट्रकांवरचे सावंतवाडीकडचे ड्रायव्हर गावी पाठवायला ट्रकचा फोटो मागायचे, तेव्हाही तुम्ही त्यांना बॉनेटवर हात ठेवून उभं करायचा. नुसत्या ट्रकचा फोटो तुम्ही कधी काढला नाहीत. माझ्या लग्नात तुम्ही मला कॅमेरा दिलात आणि वर बजावलंत, पोरांचे फोटो काढ, टोपांचे आणि टोपल्यांचे नको.

मी ऐकलं नाही. हरमलला आमच्या घरामागे तीन खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना देतो. पाहुणे समुद्रावर जाऊन मावळत्या सूर्याचे फोटो काढतात आणि मी ते गेल्यावर खोली झाडायला जाते तेव्हा त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंचे. अर्धा झिजलेला साबण, एकच मोजा, उशाशी ठेवून न्यायला विसरलेला शंख. आमचे हे म्हणतात, "लोक येतात समुद्र बघायला आणि ही बघते कचरा." पण बाबा, एका माणसाने चार दिवस खोलीत एकट्याने काढले आणि जाताना दोन कप धुऊन शेजारी शेजारी पालथे घातले, तर त्या दोन कपांत मला तो माणूस दिसतो, त्याच्या चेहऱ्यात कदाचित दिसला नसता. तीस वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी हेच भांडतेय.

मग भावाने आईचा विषय काढला. आई ऐंशीच्या पुढे गेली, तिचा एकही चांगला फोटो घरात नाही, तू एवढे फोटो काढतेस तर तिचा एक काढून ठेव. तो "काढून ठेव" असं म्हणाला, त्यातलं "ठेव" कशासाठी ते आम्हा दोघांना कळलं. आईला तर आमच्या आधी कळलं होतं. डिचोलीत कुणी गेलं की घरची माणसं लग्नातला एखादा जुना घोळक्याचा फोटो घेऊन तुमच्याकडे यायची, "हो मदलो" म्हणून बोट ठेवायची, आणि तुम्ही त्या मधल्या माणसाला एकटा वेगळा काढून, बारीक ब्रशने टचिंग करून, प्रसंगी उघड्या अंगावर कोट चढवून फ्रेममध्ये बसवून द्यायचा. हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालेलं. मी कॅमेरा काढताच ती पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "तुज्या बाबान कितलीं जाणां फ्रेमींत बसयलीं, तें हांवें पळयलां. म्हाका घाई ना." आणि आत निघून गेली.

मला मात्र घाई होती. ती असताना, तिला दाखवता येईल असा तिचा फोटो मला हवाच होता. तेव्हा मी ठरवलं की आईचा फोटो आईशिवाय काढायचा. त्याच स्वयंपाकघरात, जनेलातून येणाऱ्या सकाळच्या उन्हात तिची आदोळी मांडली. तीच ती, बसायच्या फळीची आणि पुढे नारळ कातायचं दातेरी पातं असलेली, आम्हा सगळ्यांहून वयाने मोठी. शेजारी अर्धा कातलेला नारळ, आणि फळी मधोमध झिजून खोलगट झालेली. फळीच्या कडेला, बसताना हाताने धरतात तिथे, बोटांचे काळपट डाग होते. ते फणसाच्या चिकाचे असणार असं मी धरून चालले आणि ऊन नेमकं त्यांच्यावर येईपर्यंत अर्धा तास थांबले. एका बाईचं सगळं आयुष्य त्या डागांत आहे, असं मला वाटलं. फोटो इतका छान आला की मी एकटीच हसले. पेडण्याला वाचनालयाच्या वरच्या सभागृहात आम्ही पाच-सहा हौशी बायकांनी फोटो लावले, त्यात हा मधोमध लावला आणि खाली चिठ्ठी लिहिली, "आई".

आता आपल्या लोकांचं काय आहे ते तुम्ही जाणता. ज्या फोटोत माणूस नाही, नुसत्या त्याच्या वस्तू आहेत आणि खाली "आई" असं लिहिलंय, तर ती आई गेली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फ्रेमला अबोलीच्या फुलांचा वळेसर हारासारखा अडकवून गेलं. मला वाटलं, कौतुक. मी तोंडभर हसून तो तसाच राहू दिला, आणि तिथेच घोटाळा झाला. डिचोलीची आपली जुनी शेजारीण लेकीकडे पेडण्याला आली होती, तिने वळेसर पाहिला, डोळे पुसले, आणि मला काही न विचारता आल्या पावली बस धरून तुमच्याच घरी दुखवट्याला हजर झाली. दार आईने उघडलं.  शेजारणीचे रडके डोळे बघून आईनेच काळजीने विचारलं, "कोण गेलां गो?" ती बिचारी कसंबसं म्हणाली, "तूं." मग आईने तिला आत नेऊन बसवलं आणि चहा ठेवला. दुखवट्याला आलेली बाई चहाला हात लावत नाही, म्हणून ती कपाकडे नुसती बघत राहिली. आई म्हणाली, "पी गो, हांव अजून आसां." तेव्हा कुठे ती प्यायली. तोवर तिने वाटेत ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांची रांग संध्याकाळपर्यंत चालू होती. आईला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की भावाला दोनदा दूध आणायला जावं लागलं.

पण दुसऱ्या दिवशी तिने हुकूम सोडला, म्हाका तो फोटो पळोवंक व्हर. भावाने गाडीतून तिला पेडण्याला आणलं. ती एकेक पायरी चढून वर आली, चष्मा पुसला आणि फोटोसमोर उभी राहिली.  मी पुन्हा बारा वर्षांची, तुमच्या हातातल्या ओल्या फिल्मकडे बघणारी. ती म्हणाली, "फोटो बरो आयला. पूण हांव खंय आसां हातूंत? हो तुजो बाबा."

मला वाटलं, वय झालं, काहीतरी बोलतेय. मग तिने काचेवर बोट ठेवून ते डाग दाखवले. "आदोळेर तो बसतालो. सकाळीं पांचांक, दार धांपून." आम्ही उठायच्या आत रोजचा नारळ तुम्ही कातून ठेवत होता. कारण दुपारी, आम्ही शाळेत असताना, स्टुडिओच्या मागच्या खोलीत टचिंग करायला, फोटोतले डोळे रंगवायला आई बसत होती. "कांतून हात कांपता. कांपत्या हातान दोळे कशे काडपाचे?" असं म्हणाली, अगदी साधं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. अख्खी डिचोली तुमच्या हाताची तारीफ करायची ना बाबा? म्हाताऱ्यांच्या अंगावरचे ते कोट, बुबुळातले ते चमकते ठिपके, ते सगळं तिचं. आणि पुरुषमाणूस आदोळीवर बसतो म्हणून लोक हसतील, शिवाय गिऱ्हाईक बाईच्या हातचं टचिंग घेणार नाही, म्हणून तुम्ही दोघांनी मिळून आम्हा सख्ख्या पोरांपासूनही लपवलंत.

लबाड आहात तुम्ही. तिथल्या तिथे मी इतकी हसले की खालून ग्रंथपाल वर आले. आणि मग भर सभागृहात रडलेही, कारण तुमची ती डेव्हलपरने काळवंडलेली बोटं मी जन्मभर बघितली होती, शाळेत जाताना धरली होती, आणि त्यांचे डाग लाकडावर दिसले तेव्हा मला फणस आठवला. वस्तूंत माणसं दिसतात म्हणून मिरवणारी मी. रागही आला, खोटं कशाला सांगू. स्टुडिओच्या पाटीवर तिचं नाव एकदाही आलं नाही. तुम्ही पहाटे उठत होता म्हणून तो राग पुरता टिकत नाही, पण आहे. मी आईला विचारलं, आता चिठ्ठी बदलून "बाबा" लिहू? ती म्हणाली, "आसूं दी. तो एकदां मेला, पुरो जालें."

डिचोलीच्या घरी परतल्यावर तिने स्वतःहून कपाटातून केसांच्या आकड्यांची डबी काढली. आत चार-पाच केसांचा एक ब्रश, टोकाशी अजून सुईसारखा. "म्हजो फोटो जाय जाल्यार हाचो काड," म्हणाली. म्हणून तिच्याऐवजी मी तो ब्रश जनेलाच्या फळीवर मांडला, शेजारी रंगाची बशी. पण मी ठेवला तसा तिला पटेना. ब्रश असा आडवा ठेवत नाहीत, केस मोडतात. तिने तो उचलला, जिभेच्या टोकाला लावून ओला केला आणि एका जुन्या फोटोच्या कोपऱ्यावर मला धडा द्यायला बसली. पाठीचा बाक कुठे गेला कोण जाणे. ऐंशी वर्षांचा हात दगडासारखा स्थिर. ती हाताचे फोटो काढू देत होती, मी काढत होते, आणि ती आपल्या कामात पार बुडून गेली होती.

एवढं तुम्हाला सांगायचं होतं, आणि हे पत्र घरात ठेवता येणार नाही, कारण पुढचं तिच्या वाचनात यायला नको. त्यातला एक फोटो हाताचा नाही. मी कॅमेरा बोटभर वर उचलला आणि तिचा चेहरा घेतला. ओठ किंचित उघडे, डोळे बारीक, जगात दुसरं काही नसल्यासारखी. इतकी सुंदर ती मला कधी दिसली नव्हती. फ्रेमसाठी घेतला नाही, असं मी स्वतःला रोज सांगते, आणि भावालाही अजून दाखवलेला नाही. पण बाबा, बटण दाबलं तेव्हा माझ्या मनात फ्रेमच होती.