कॉलर अर्धा इंच सैल

३ सप्टेंबर
दाढी करताना डाव्या जबड्याखाली बोट अडखळलं. आत गाठ. कोटाच्या बटणाएवढी. दुखत नाही. आता जी गाठ दुखतच नाही, तिला दुखणं कसं म्हणायचं? मागे शिंका येत होत्या, त्याचंच उरलंसुरलं असणार.
हिला सांगितलं नाही. हिला सांगितलं की मुलीला फोन जातो.
संकल्प: गाठीला हात लावायचा नाही.

४ सप्टेंबर
हात लावला. आहे.

९ सप्टेंबर
कारण सापडलं. इतकी वर्षं शिंपीकाम करतोय, दोरा दातांनी तोडतोय, टाचण्या ओठांत धरतोय. जबडा बिचारा सोसून सोसून किती सोसेल. उद्यापासून दोऱ्याला कात्री.

१० सप्टेंबर
शाळेतले मास्तर कोटाच्या मापाला आले. माप झाल्यावर म्हणाले, आज तुम्ही फारच गप्प. ओठांत टाचण्या होत्या.
उद्यापासून नक्की.

१७ सप्टेंबर
हिला कळलं. उकाड्यात मफलर गुंडाळून जेवायला बसलो होतो. म्हणाली, काढा तो. मी म्हणालो, घसा धरलाय. तिने स्वतःच काढला, बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललंच नाही. मग हळू म्हणाली, भाऊजींनाही इथंच होती.
भाऊजी म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. दुकान त्याचं. त्यालाही अशीच गाठ आली, तोही मफलर गुंडाळून बसायचा. डॉक्टरकडे नेला तेव्हा उशीर झाला होता.
पण दादाची गोष्ट वेगळी. दादा तंबाखू खायचा. शिवाय त्याची उजवीकडे होती. की डावीकडे? मी समोरच्या मशीनवर बसायचो. म्हणजे माझ्या उजवीकडे, म्हणजे त्याच्या… जाऊ दे. झोप आली.

२३ सप्टेंबर
फोन गेलाच. मुलगी म्हणाली, बाबा, सर्दीने आलेली गाठ बहुधा दुखते, बोटाखाली सरकते आणि दोन-तीन आठवड्यांत बसते. जी बसत नाही, कडक लागते, वाढत जाते, ती दुखत नसली तरी दाखवायची. दुखत नाही म्हणून तर आधी दाखवायची. आणि ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं यातलं काही असलं तर मग थांबायचंच नाही.
मी म्हणालो, पोरी, तीन आठवडे व्हायला अजून उद्याचा दिवस बाकी आहे.
फोन आपटला तिने.
रात्री उशी भिजते खरी. पण तो पंख्याचा दोष. पंखा वारा कमी आणि आवाज जास्त देतो.

४ ऑक्टोबर
आज दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी डॉक्टरांना घाबरतो असं कोण म्हणतं? त्यांनी सगळे दात ठोकून पाहिले. म्हणाले, दात उत्तम. पण ही गाठ दातांची नाही, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात.
घरी येऊन हिला सांगितलं, दात उत्तम आहेत. ही म्हणाली, आणि? मी म्हणालो, आणि काय, या वयात एवढे दात कुणाचे असतात?
ती उठून आत गेली.

११ ऑक्टोबर
कॉलर आवळते. गळ्याला टेप लावली, माप जास्त भरलं. टेप जुनी आहे. पण जुनी टेप ताणली जाते, आणि ताणलेल्या टेपने माप कमी भरायला हवं.
यावर विचार करायचा नाही.
कॉलर अर्धा इंच सैल केली. शेवटी आपला धंदा तोच. कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ वाकलेली. कापड असं बसवायचं की बघणाऱ्याला पत्ता लागू नये.

१५ ऑक्टोबर
कॉलर नीट बेतायची म्हणून दुकानातल्या पुतळ्याच्या गळ्यावर कापसाचा गोळा टाचला, वर शर्ट चढवला. सुरेख बसली. तशीच ठेवून घरी आलो.

१६ ऑक्टोबर
सकाळी शटर वर केलं, आणि आत अंधारात दादा उभा. गळ्यावर गाठ, मान किंचित कलती.
पुतळा होता. मला माहीत होतं. तरी तोंडातून गेलं, दादा, झाला का रे उशीर?
मागे मास्तर. म्हणाले, कुणाशी बोलताय? मी म्हणालो, गिऱ्हाईक आहे, ट्रायल चाललीय. मास्तरांनी पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, माझ्या कोटाची घाई नाही हो.
कापूस काढला. टाचणीचं भोक राहिलंय.

१९ ऑक्टोबर
ट्रायलच्या आरशाला तीन पाखं आहेत. डावं मिटून ठेवलं. त्यात माणूस बाजूने दिसतो, आणि बाजूने मी दादासारखा दिसतो. आज एकजण म्हणाला, उघडा की, बाजूने कसा बसतो बघू दे. मी सांगितलं, बिजागरी मोडलीय.
मिटलेल्या पाखाकडे पाठ करून बसत नाही मी हल्ली. वाऱ्यासाठी जागा बदललीय.

२४ ऑक्टोबर
वजनाचं भूत एकदाचं उतरवलं. दादाची पँट शेवटी शेवटी कमरेवर ठरत नव्हती. माझी सगळी कपाटं पालथी घातली, एकूण एक पँट चढवून पाहिली. सगळ्या चपखल. माझ्या नजरेतून पाव इंचही निसटत नाही, मी काय अंगावरचं मांस चोरीला जाऊ देईन?
हिला दाखवलं. बघितलं, मान हलवली. पटलं असावं.

३० ऑक्टोबर
पँटचं तुटलेलं बटण लावताना ती उलटी केली. कमरेमागची शिवण उसवून आत घेतलेली. एकदा नाही, जुन्या भोकांच्या रांगा दिसतात. दुसरी पँट पाहिली. तीही. सगळ्याच.
टाका बारीक, किंचित उजवीकडे झुकलेला. मीच शिकवला होता तिला, लग्नानंतर.
विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तुम्ही घाबरलात की दुकानात दडून बसता. मग कुणाच्या बापाचं ऐकून बाहेर निघत नाही. म्हटलं, तुम्ही आपल्या पायांनी डॉक्टरकडे जाईपर्यंत पँट तरी कमरेवर टिकू दे.
मी म्हणालो, टाका छान पडलाय.
म्हणाली, उद्या दहाला निघायचं. मी म्हणालो, मास्तरांचा कोट. म्हणाली, त्यांच्याच गाडीतून जायचंय.

३१ ऑक्टोबर
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, झाले असतील आठेक दिवस. ही भिंतीकडे बघत राहिली. मग मीच म्हणालो, बरं, दोन महिने.
म्हणाले, सुई घालून आतलं थोडं तपासायला काढू. मी हसलो. जन्म सुईत गेला माझा. जरूर घाला म्हणालो, वाटल्यास नंबर मी सांगतो.
त्यानंतरचं एकदम आठवतं ते नर्सचं. तोंडावर पाणी मारत होती.

९ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. दादाचा आजार नाही. क्षयाची गाठ. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, बरे व्हाल म्हणाले.
मी हिच्याकडे असा पाहत होतो की जणू पैज जिंकलो. डॉक्टरांना म्हणालोही, मला पहिल्यापासून वाटत होतं, काही नाही म्हणून. ते म्हणाले, याला काही नाही म्हणत नाहीत. मग विचारलं, घरात आणखी कोण? मी म्हणालो, आम्ही दोघंच. तर म्हणाले, यांनाही तपासावं लागेल.
हिने केस बाजूला केले आणि मानेवर बोट ठेवलं. म्हणाली, ही बघा. उन्हाळ्यापासून आहे.
डॉक्टर म्हणाले, इतके दिवस बोलला नाहीत? म्हणाली, दुखत नव्हती. मग यांची निघाली, म्हटलं आधी यांचं मार्गी लागू दे.
सोमवारी तिची सुई.
मागच्याच महिन्यात तिच्या ब्लाऊजचं माप मी घेतलंय. गळा, खांदा, सगळं. एका हाताने घेतलं. दुसरा माझ्या गाठीवर होता.