त्यानं झेप डावीकडे घेतली होती

प्रिय धाकट्या,

फोनवर मी नेहमी ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळी होते, कारण तुझ्या मागे कुणीतरी तुला हाका मारत असतं आणि तुझं अर्धं लक्ष तिकडे असतं. म्हणून आज लिहायला बसले. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण शिलाई मशीनचं पायडल मारायला अजून नाही म्हणत नाही. शेजारणीचे पडदे शिवून झाले, समोरच्या मास्तरांची पँट पुन्हा कमरेत ढिली करून दिली. त्यांचं पोट आहे तोवर माझ्या हाताला काम आहे.

तुझा कार्यक्रम मी चुकवत नाही. पडद्यावर तुझ्या नावाखाली ‘क्रीडातज्ज्ञ, माजी गोलकीपर’ अशी पट्टी पहिल्यांदा आली तेव्हा मला हसूच आलं. तज्ज्ञ ही पदवी कुठल्या कॉलेजात मिळते ते तुला विचारायचं मनात होतं. लहानपणी जिना चढलास तरी तुला धाप लागायची. छातीला बाम चोळून मी तुला खिडकीपाशी बसवायचे, आणि समोरचं मैदान तू तिथूनच पाहिलंस. तरीही तुला खेळ कळतो, आणि हे मी आई म्हणून म्हणत नाही. सामना चालू असताना तू जे होईल म्हणतोस ते बहुतेक वेळा होतं. तेवढ्यावर तुझं छान चाललं असतं रे.

मग एका संध्याकाळी तू त्या अंतिम सामन्याची गोष्ट स्वतःची म्हणून काढलीस. बोलण्याआधी टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलंस आणि माझ्या हातातली कात्री थांबली. ओलं मैदान, करंगळीला बांधलेली चिंधी, शेवटची पेनल्टी, अंगठ्याशी उसवलेला हातमोजा. तो हातमोजा मी आदल्या दिवशी शिवला होता आणि घाईत टाका कच्चा राहिला होता. ती टकटकही माझ्या ओळखीची. थोरला प्रत्येक सामन्याआधी गोलच्या दोन्ही खांबांवर तशी करायचा, आणि घरात शिरताना आपल्या दाराच्या चौकटीवर. तो गेल्यावर कितीतरी दिवस मी ती ऐकून दार उघडत होते. बाहेर कुणी नसायचं. तुझे वडील उठायचे आणि दार लावून घ्यायचे.

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला आनंद झाला. तापानं तो आठवड्याभरात गेला, आणि वडिलांनी घरात त्याचा विषय बंद केला. त्यांना सोसवत नव्हतं. ते गेल्यावरही आपण दोघांनी तो विषय काढला नाही. आणि इतक्या वर्षांनी माझ्या घरात कुणीतरी त्याच्याबद्दल बोलत होतं, त्याच्याच आवाजात. तुझा आवाज त्याच्यासारखा झालाय हे तुला कुणी सांगितलंय का? मी टीव्हीचा आवाज वाढवला आणि शेजारीण आली तर दार उघडायला उठले नाही. त्यानंतर तू ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलीस, आणि मी दर वेळी वाट पाहत बसले.

मागच्या आठवड्यात एक पत्रकार मुलगी घरी आली. नम्र होती, चप्पल बाहेर काढून आली, पाणी मागून प्यायली. ज्यानं ती शेवटची पेनल्टी मारली, तो आता चष्म्याचं दुकान चालवतो म्हणे. त्यानं तिच्या कचेरीत फोन केला. आयुष्यभर तो फटका माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही, म्हणाला. गोलकीपर स्वतःच्या डावीकडे झेपावला होता आणि हे तज्ज्ञ दर वेळी उजवीकडे सांगतात, तर हे खरोखर तिथे होते का? मुलीनं मला हेच विचारलं. तुमचा मुलगा त्या सामन्यात खेळला का? मी म्हटलं, माझा मुलगा खेळला. ते खरंच आहे. मग म्हटलं, बाकीचं पुढच्या शुक्रवारी ये, सांगते.

ती गेल्यावर मी तुमच्या खोलीत गेले. घराला दोनदा रंग दिला, पण तुमच्या खिडकीच्या चौकटीला मी ब्रश लागू दिला नाही. त्याच्या पंजानं पडलेला खळगा तिथे अजून आहे. सामना जिंकून आला त्या दिवसापासून रोज तो कपाटाला पाठ लावून उभा राहायचा आणि तुला झेप करून दाखवायचा, खिडकीकडे, त्याच्या डावीकडे. तू समोर पलंगावर पांघरूण घेऊन बसलेला. तुला ती उजवीकडेच दिसणार. समोर उभ्या गिऱ्हाइकाची डावी बाही माझ्या उजव्या हाताला येते, नवशिका शिंपी तिथेच फसतो. तू तिथेच फसलास. चष्म्याच्या दुकानदाराला ते खोटं वाटलं. मला त्यात तू दिसलास, तोंड उघडं टाकून भावाकडे पाहणारा.

पण एक गोष्ट मला छळते, आणि ती तुला सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही. परवा मी त्याचा चेहरा आठवायला बसले. ओलं मैदान आलं, हातमोजा आला, आणि चेहऱ्याच्या जागी तुझी पांढरी होत चाललेली दाढी आली. डोळे मिटले तरी तूच. कपाटातला त्याचा फोटो काढून पाहिला, तर क्षणभर मला तो तुझाच लहानपणचा फोटो वाटला. मी घाबरले रे. एकदा त्याला ताप घेऊन गेला. आता तू त्याला घेऊन चालला आहेस, आणि तुला ते कळतही नाहीये.

शुक्रवारी ती मुलगी येईल तेव्हा मी तिला कपाटातला फोटो दाखवणार आहे. तुझी लाज राखायला मला आवडलं असतं, पण मला दोन मुलं झाली आणि त्यातला एक नव्हताच असं मी कुणालाही म्हणणार नाही. तुझा कार्यक्रम गुरुवारी असतो. म्हणून हे पत्र आज टाकते आहे. गुरुवारी ती गोष्ट पुन्हा सांग. सगळी सांग, करंगळीची चिंधी आणि माझा कच्चा टाकासुद्धा. टेबलावर टकटक कर. फक्त सुरुवात ‘माझा दादा’ अशी कर, आणि त्याला डावीकडे झेपावू दे. मी आवाज वाढवून बसेन.

तुम्हा दोघांची,
आई