न प्यायलेल्या दारूची शपथ

काशीद,
गुरुवार, १२ डिसेंबर

प्रिय नूतन,

पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सर्व कुशल’ असं लिहायचं असतं. इकडे काही कुशल नाही. आईचा गुडघा धरलाय, विहिरीवरची मोटर जळलीय, आणि तू घरात नाहीस. तिकडे सगळे बरे असतील. तुझे आप्पा तर बरेच असणार, जावयाला पाटावरून उठवल्यापासून त्यांना झोप छान लागत असेल. बघ, लगेच तिरकं गेलं. खोडत नाही. नव्याने लिहायला घेतलं तरी हेच येणार.

पत्र एवढ्यासाठी की फोनवर तुमच्याकडे माणूस मिळत नाही. फोन अमिषा उचलते. “भावोजी, ताई आंघोळीला गेलीय.” सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, काल दिवेलागणीलाही आंघोळ. अख्ख्या श्रीवर्धनच्या विहिरी उपसल्यास का? एकदा तू स्वतः आलीस तर स्पीकर चालू आणि मागे आप्पांचा खोकला. म्हणून हे पाकीट, उद्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती. अमिषा, फोडलं असशील तर इथेच थांब. पुढचं तुझ्यासाठी नाही. खरंच थांब, तुझ्या पाया पडतो.

सीझन सुरू झालाय. पर्यटक विचारतात, मागच्या वेळी घावन करणाऱ्या वहिनी कुठेत? मी म्हणतो, माहेरी. आई लगेच आतून, “माहेरी गेलीय का ठेवून घेतलीय, ते पन सांग की पाव्हन्यांना. सून हाय का न्हाय ह्या घरात?” पाहुणे चहाच्या कपात बघत बसतात. मीसुद्धा.

आता आप्पांचा निरोप. तो त्यांनी प्रणयच्या हाती पाठवला, म्हणजे तुझ्या भाषेत त्या ‘बनाना राइडवाल्या टवाळा’च्या हाती. आता तो बीचवरच्या प्रत्येक घोडेवाल्याला पाठ झालाय. निकेतने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवायचा, दारूला शिवणार नाही म्हणून शपथ घ्यायची, मग मुलीला घेऊन जायचं. मी प्रणयला म्हटलं, जाऊन सांग त्यांना, जे मी केलंच नाही त्याची शपथ घ्यायला मी वेडा नाही.

मी पीत नाही हे तुला माहीत आहे. माणूस घामाघूम होतो, डोळे फिरतात, दिवाळसणाच्या पंक्तीत रांगोळीवर आडवा होतो, म्हणजे तो प्यायलेलाच? तोंडाचा वास तरी घ्यायचा कुणी! ती दारू नव्हती, नूतन. मला सुपारी लागली होती. तुमच्याच वाडीतली ओली, कोवळी. सकाळी मागीलदारी जाऊन एकामागून एक फोडून चावल्या. जन्म सुपारीच्या वाडीत काढलेल्या माणसाला सुपारी लागलेला जावई ओळखता येऊ नये, ह्याला काय म्हणायचं?

तू म्हणशील, मग तिथेच का नाही सांगितलंस? सांगितलं असतं. पण पुढचा प्रश्न काय आला असता? “का खाल्लीत जावईबापू?” त्याचं उत्तर आप्पांना, तुझ्या काकूला आणि श्रीखंड वाढणाऱ्या त्या सगळ्या बायकांना काय देणार होतो मी? डोकं फिरलं. “ठेवा तुमची मुलगी आणि तुमचा पाट” असं ओरडलो, ताट उलथवलं आणि धडपडत एसटी स्टँड गाठला. ते वाक्य मागे घेतो. निदान अर्धं. पाट त्यांनी ठेवावा.

का खाल्ली ते सांगतो. आधी डॉक्टरांचं सांगतो.

गेल्या मंगळवारी अलिबागला गेलो. पाटीवर नुसतं आडनाव होतं, म्हणून बिनधास्त आत शिरलो. आत बाई! आईच्या वयाच्या, चष्मा कपाळावर. पळून जायचं तर मागे रांग.

“काय होतंय?”

“पोटात दुखतंय.”

“कुठे?”

मी कुठेतरी हात ठेवला.

“तिथे पोट नसतं. लग्न झालंय?”

“हो.”

“बायको?”

“माहेरी.”

“रागावून?”

म्हटलं, “मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का तलाठी?” त्या चिडल्या नाहीत. उठून दार लावलं आणि म्हणाल्या, “पोटात दुखणारी तरणी पोरं माझ्याकडे रोज येतात. बोला आता.”

बोललो. भिंतीकडे तोंड करून बोललो. तुलाही आता तसंच लिहितोय, समोर तू नाहीस म्हणून जमतंय. शीघ्रपतन. झाला लिहून शब्द. हायवेच्या भिंतींवर रंगवलेला असतो तो, आणि तो आला की मी गाडीचा वेग वाढवायचो. आपल्यात जे सुरू व्हायच्या आत संपतं, ज्यानंतर मी कूस बदलतो, नाहीतर कशावरून तरी भांडण काढतो, ते.

प्रणयला मी मोघम विचारलं होतं. तो म्हणाला, ओली सुपारी चाव, माणूस थांबतो, आजोबांचं औषध आहे. थांबलो खरा, पाटावर. त्याआधी हायवेच्या तंबूतल्या एका वैद्याची पुडीही घेऊन झाली होती, छाती नुसती धडधडायची. मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “अख्ख्या जगातल्या पुरुषांना हे होतं, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्या एकट्यालाच. यात मर्दपणाचा संबंध नाही. लहानपणीच्या कुठल्या सवयीचं पापही नाही. ती पुडी आधी फेकून द्या.” खाडीत टाकली.

मग विचारलं, झोपता कुठे? मी म्हटलं, ह्याचा काय संबंध? पण सांगितलं. शनिवार-रविवार आपली खोली पर्यटकांना, आपण माजघरात, चादरीच्या पडद्याआड आई कूस बदलत असते. बांगडी वाजली की आपण दोघं दगड. त्या म्हणाल्या, काहींची शरीराची ठेवणच तशी असते, काहींना काळजीने होतं, तुमच्यात थोडं दोन्ही दिसतंय. त्यात ह्या माजघराने शरीराला घाई शिकवून ठेवलीय. शिकवलेलं बदलता येतं, म्हणाल्या. कॉलेज मध्येच सोडलेल्या माणसाला हे सांगतायत!

व्यायाम दिलाय. लघवी अडवताना जो स्नायू आवळतो तो आवळायचा आणि सोडायचा, रोज. कुणाला कळत नाही. पाहुण्यांना सोलकढी वाढतानाही मी करतो, हसू नकोस. एक मलम आहे, थोडंच लावायचं आणि आधी पुसून टाकायचं, नाहीतर तुलाही बधिर व्हायला होईल. त्याने नाही भागलं तर गोळी, पण ती त्यांना विचारूनच, प्रणयला विचारून नाही. मुख्य औषध मात्र थांबायला शिकणं. जवळ आलं वाटलं की थांबायचं, ओसरू द्यायचं, पुन्हा. काही आठवडे धीर धरायचा. त्यावर त्या म्हणाल्या, “हे एकट्याने शिकायचं काम नाही. पुढच्या वेळी बायकोला घेऊन या.”

“ती येणार नाही.”

“तिला माहीत आहे काय झालंय?”

“नाही.”

“मग ती बिचारी कशावर रागावलीय?”

नूतन, कशावर ते मला तिथे उमगलं. तू मला विचारलं होतंस, “माझ्यात काय कमी आहे?” आणि मी उशी फेकून ओटीवर गेलो होतो. तू तेवढंच धरून बसली असणार. अगं, आप्पा ‘मुलगा काय कमावतो’ विचारतील म्हणून मी शेवटचं वर्ष सोडून घराच्या खोल्या पर्यटकांसाठी रंगवायला घेतल्या. तेव्हा तुला बघायला कुणी आलं ऐकलं की मला जेवण जायचं नाही. तू केस सोडायला हात वर केलेस तरी माझा जीव गोळा होतो. कमी असतं तर एवढी घाई झाली असती का, बाई?

तर आता काय करायचं ते मी ठरवलंय. आपल्या खोलीला मी कुलूप घातलंय. ती आता कुठल्याही शनिवारी कुणाला मिळणार नाही. आई बोलली, बोलू दे. आणि परवा, शनिवारी, सकाळच्या एसटीने मी श्रीवर्धनला येतोय. देवळात नारळ ठेवणार, आप्पांसमोर म्हणणार, दारूला शिवणार नाही. सगळी आळी म्हणेल, बघा, बेवडा सुधारला. माझं रक्त उकळेल, पण तोंड उघडणार नाही. खरं कारण फक्त तुझं आहे. ते आप्पांना देऊन मला निर्दोष सुटायचं नाही.

ही शपथ तुला न्यायची किंमत म्हणून नाही. तू निघाली नाहीस तरी मी घेणार, कारण तुझ्या वडिलांच्या पंक्तीत मी ताट उलथवलं. निघालीस तर मंगळवारी अलिबागला माझ्याबरोबर त्या बाईंसमोर बस. मी बोलेन. तू नुसती शेजारी बस.

आणि नाहीच यायचं असेल तर एकदा तरी स्वतः फोन उचल आणि मला सांग. आंघोळीवर घालू नकोस.

तू म्हणशील तोवर तुझा नवरा,
निकेत