कबरस्तानाचं फाटक

येरवडा, पुणे

प्रिय अपेक्षा,

तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. अक्षर ओळखून पाकीटही न फोडता टाकशील, म्हणून पत्ता शेजारच्या नम्रताकडून लिहून घेतलाय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बापाला ही युक्ती सुचावी!

मला भीती वाटते गं. नरकाची नव्हे. ती भीती मी तीस वर्षं संडे स्कूलच्या पोरांना घातली. स्वतःला कधी वाटली नाही, कारण ती जागा इतरांसाठी राखीव आहे अशी माझी खात्रीच होती. गेल्या रविवारी पाळकसाहेब लाजराच्या कबरेबद्दल बोलले. मेलेल्या त्या मित्राला आपण जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू तिथे आधी रडला, एवढंच म्हणाले. मग प्रभुभोजनाचा प्याला माझ्यापर्यंत आला आणि घेववेना. माझ्यासारख्या मंडळीच्या पंचाने प्याला तसाच पुढे दिला म्हटल्यावर बाकांवर कुजबुज झालीच. बाहेर आल्यावर ॲसिडिटीचं कारण सांगितलं. चर्चच्या पायरीवर उभा राहून खोटं बोललो.

तीन वर्षांपूर्वी तू हॉस्पिटलमधून फोन केलास. दोन महिन्यांचं बाळ गेलं, आईच्या कबरेशेजारी जागा द्या म्हणालीस. कबरस्तानाची किल्ली माझ्याकडे. तू रडत होतीस आणि मी विचारलं, बाप्तिस्मा झाला होता का? सौमित्रशी तू कोर्टात लग्न केलंस तेव्हापासूनचा राग त्या प्रश्नात होता, पण मी त्याला नियम म्हणालो: बाप्तिस्मा नाही तर जागा नाही. तरी तुझे सासरे सोनबा बाळाला शालीत गुंडाळून रिक्षाने फाटकापर्यंत आले. लेकरू तुमचंबी हाय, एवढंच बोलले. मी गजांच्या आत उभा होतो. कुलूप काढलं नाही. घरच्यांनाही सवलत दिली नाही म्हणून मंडळीतल्या काहींनी माझं कौतुक केलं, आणि मला अभिमान वाटला.

बुधवारी मांजरी गावाला, तुझ्या सासऱ्यांकडे जाऊन आलो. सोनबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा दिला. मग बांधावर नेलं. उसाच्या कडेला, लिंबाखाली, मातीचा छोटासा उंचवटा, भोवती विटा. सोनबा उभ्या उभ्या रडले, अगदी सवयीने. देव रडत असेल तर असाच, माझ्या शेजारी उभा राहून, मला एका शब्दाने न बोलता, असं मनात आलं आणि तिथे उभं राहवेना. मी घाईघाईने रस्त्याला लागलो.

क्षमा मागायला लिहिलंय असं समजू नकोस, तेवढी हिंमत नाही. न्यायाच्या दिवशी नियमांबद्दल विचारलं तर माझ्याकडे उत्तरं आहेत. पण देवबापाने एवढंच विचारलं तर, की तुझ्या नातवाचं नाव काय? मला माहीत नाही, अपेक्षा. बारशाला मी आलो नाही, फोनवर विचारलं नाही, आणि परवा सोनबांना विचारायची लाज वाटली. तेवढं नाव मला कळव. कोऱ्या कागदावर नुसतं नाव लिहिलंस तरी चालेल.

अजूनही म्हणत असशील तर, तुझाच
पप्पा