बसलेलं मरण

प्रिय अप्पा,

मी पडले नाही. शेवटचा सूर संपला होता, पियानो थांबला होता. ऑपेरातली नायिका इथं कोसळते, हे महिनाभर घोटवून घेतलेलं. पण पाय आपोआप दुमडले. मांडी घातली, पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि तशीच मेले. नांदेडच्या त्या सभागृहात मागच्या रांगेतल्या कुणा बाईनं हात जोडले म्हणे. पडदा पडल्यावर दिग्दर्शकबाईंनी विचारलं, हे काय होतं. मी म्हणाले, चुकलं. आमच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला बसवतात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. वर्तमानपत्रात फोटो आला, तुम्ही तो कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर बघितलात आणि संगमेशदादाकरवी निरोप धाडलात: जित्या पोरीला कशाला बसवायलेत? पडून मर म्हणावं, न्हाईतर लातुरात येऊ नको. दादा फोनवर हसत होता. वर म्हणाला, अप्पा लई तापलेत, तू आपली आडवी हो, दोन मिनिटांचा तर प्रश्न हाय. मला हसू आलं नाही.

सिद्धम्मा आजी गेली, तिला ओसरीवर बसवलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कपाळाला विभूती, गळ्यात हार, तोंड तुम्ही दिशा बघून वळवलेलं. जेवायला बसल्यासारखी दिसत होती. दुपारपर्यंत भजनातल्या बायांचे गळे गेले. तेव्हा मला पुढे ढकललंत ते तुम्ही. आवाज सोड, म्हणालात, गल्लीच्या टोकाला गेला पाहिजे. गेला. मुंबईत सहा वर्षं मी परक्या भाषेतले शब्द देवनागरीत लिहून घोकले, बरगड्यांखाली श्वास धरायला शिकले. पण माईकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत कसं गायचं, ते मला त्या दिवशीच कळलं होतं. त्याच आवाजाला तुम्ही सहा वर्षं किंचाळणं म्हणालात. मी ऐकून घेतलं. आता मी रंगमंचावर मरायचं कसं तेही तुम्ही सांगणार. हे ऐकणार नाही. नांदेडला चुकून बसले. यापुढे ती चूक नाही.

हे सगळं मी फोनवरही बोलले असते. पत्राचं कारण वेगळं आहे. तुमचं म्हणणं रविवारच्या लातूरच्या प्रयोगाच्या आयोजकांपर्यंत पोचलं आणि त्यांनी दिग्दर्शकबाईंना गाठलं. आज दुपारी बाई म्हणाल्या, लातूरपुरती पड, नाहीतर भूमिका दुसरीला देते, उद्या सकाळी काय ते सांग. माझी ही पहिली मोठी भूमिका. उद्या मी नाही म्हणणार आहे. भूमिका गेली तर तुम्ही दादाला म्हणाल, आली का नाही अक्कल ठिकाणावर. म्हणून आधीच लिहून ठेवते: माझी अक्कल पहिल्यापासून ठिकाणावर आहे. आणि भूमिका राहिली, तर रविवारी लातुरात, तुमच्या सगळ्या गणगोतासमोर, मी बसूनच मरेन. जाहिरातीत माझ्या नावापुढे तुमचं नाव आहे. ते मी काढू दिलेलं नाही.

तुमचीच,
सुकन्या

ता.क. सकाळी बाईंना सांगितलं. त्यांनी संहितेतला ‘कोसळते’ हा शब्द खोडला. मग म्हणाल्या, बस मग तशीच. नंतर दादाचा फोन आला. तुम्ही विचारलंत म्हणे, ती तोंड कुठल्या दिशेला करून बसते. प्रेक्षकांकडे, असं मी सांगितलं.