मी बंद केलेली अक्षरवाणी

रोहा,
१२ फेब्रुवारी २०२५

वडीलसाडू श्री. भरतभाऊ यांना हिरामणचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे. पण नंदा सुखरूप आहे आणि मी हादरलेला आहे, असं लिहिलं तर ते खरं होईल. तुमचा गुडघा कसा आहे? ताईंची साखर? हमरापूरच्या कारखान्यात यंदाच्या मूर्तींचं काम जोरात असेलच. (गेल्या खेपेला तुम्ही मला रंगाच्या डब्यावर बसवलं होतंत आणि झाकण नीट लागलेलं नव्हतं. ती पँट मी अजून घालतो. मागून पीतांबर दिसतो, पण रोह्यात आता लोकांना सवय झाली आहे.) खरं तर हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मला "बोल, बोल" म्हणता आणि बोलता तुम्हीच, म्हणून पत्र.

तर भरतभाऊ, सोळा वर्षं मी आमच्या सागरगंगा केबल चॅनलची 'अक्षरवाणी' चालवली, हे तुम्ही जाणताच. (पेणपर्यंत आमची तार कधी पोचली नाही, म्हणून तुम्ही तिला 'ती टीव्हीवरची पाटी' म्हणता. मला ते लागतं.) दोन सिनेमांच्या मध्ये निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची पानं फिरायची: एसटीच्या वेळा, लाइट कधी जाणार, खाडीची भरती-ओहोटी, हरवलेली गुरं, दुःखद निधन. दिल्लीला दूरदर्शनने असलंच काहीतरी फार पूर्वी काढलं होतं म्हणे, पण ते बघायला वेगळा टीव्ही लागायचा. आमचं कुठल्याही डबड्यावर दिसायचं. एकोणीसशे नव्याण्णव साली कैलासवासी विठूशेठनी सुरू केलं, मजकूर मी लिहायचो, तोही शुद्ध. 'विद्युतपुरवठा खंडित राहील, तरी ग्राहकांनी कृपया नोंद घ्यावी.' पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, आणि दोन हजार पंधरा साली मी ती सेवा स्वतःच्या हाताने बंद केली. शेवटचं पान टाकलं, 'अक्षरवाणी आपला निरोप घेत आहे, लोभ असावा,' आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. मी रडलो, हे नंदाने तेव्हाच ताईंना सांगितलं असणार, म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यानंतर मी घरची केबलच काढून टाकली आणि छपरावर डिश बसवली. तो निळा रंग मला बघवत नव्हता.

आता चॅनलला पंचवीस वर्षं झाली. विठूशेठची मुलगी दिपिका हल्ली कार्यालयात खालच्या मजल्यावर इंटरनेटचा धंदा बघते. तिने मला बोलावून सांगितलं, काका, स्मरणिकेसाठी अक्षरवाणीचा इतिहास तुम्हीच लिहा, समारंभात वाचायलाही तुम्हीच या. मी दोन पानं लिहून दिली. शेवटचं वाक्य असं होतं: 'सन २०१५मध्ये ही सेवा माझ्याच हस्ते कायमची विसावली.' (कायमची विसावली! हे सुचायला मला दोन दिवस लागले होते.)

इतिहासाला एखादा फोटो हवा म्हणून मी निडी गावाला गेलो. तिथे आमचा जुना लाइनमन सोमा राहतो, त्याच्याकडे विठूशेठ तार जोडतानाचा फोटो आहे. सोमा शेतावर होता. त्याची बायको सोनी टीव्हीसमोर बसली होती. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "जरा दम धरा भाऊ, पान येऊ दे."

"कसलं पान?"

"अक्षरवाणीचा."

मी हसलो. मोठ्या मनाने समजावलं की सोनीबाई, ती बंद होऊन दहा वर्षं झाली, मीच बंद केली.

"बंद? कवा?" ती म्हणाली. "मी सकाली तर बघितली."

आणि भरतभाऊ, सिनेमा थांबला आणि पडदा निळा झाला. त्यावर त्या दिवसाची तारीख होती. 'आज लाइट जानार नाय. फुकट घाबरू नका.' मग दुसरं पान: 'धरनातून पानी सोडनार हाय. नदीवर कपडे नऊच्या आत धुवा. पोरांना नेऊ नका.' तिसऱ्यावर कोलाडला भाजी लावायला बाया पाहिजेत, कोणाच्या शेतावर, कोणाला विचारायचं. माझ्या हातातला पेला तिरका झाला आणि पाणी त्या पीतांबरी पँटवर सांडलं. मेलेल्या माणसाला बाजारात वांगी घेताना बघावं, तसं मला झालं. सोनी विचारत होती, भाऊ, घाम कशाने आला? मी फोटो न घेताच निघालो.

सहाआसनी विक्रम रिक्षाने रोह्याला येईपर्यंत माझ्या मनात चोर, भुतं, परदेशी हात सगळं येऊन गेलं. कार्यालयाचा जिना चढलो. वरच्या खोलीत माझ्या खुर्चीवर जनी बसली होती. जनी म्हणजे नदीकाठच्या वाडीवरची, विठूशेठच्या वेळेपासून आमच्याकडे झाडलोट करणारी. एका बोटाने ती टाइप करत होती, आणि करताना प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत होती. ही सवय माझी आहे, भरतभाऊ! मी सोळा वर्षं 'वला वेलांटी, दला काना' असं मोठ्याने म्हणत टाइप करायचो आणि ही मागे केर काढत ऐकायची. आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली, बाकीचं तिला माझ्या तोंडातून मिळालं.

मी ओरडलो, की हे मी बंद केलं होतं. ती उठलीसुद्धा नाही.

"सायेब, तुमी मशिनीचा बटन दाबलाच नव्हता," ती म्हणाली. "पडद्याचा दाबला. मशीन आत चालूच."

मी खाली स्टुलावर बसलो. म्हणजे मी रडलो तो नुसत्या पडद्यासमोर. आणि माझं निरोपाचं पान? ते पुढचा दीड महिना घराघरांत फिरत होतं. लोक कार्यालयात येऊन जनीला विचारत, कोण गेला, नाव का नाय लिवला? शेवटी कंटाळून एकाने सांगितलं, बाई, त्या निरोपावर काहीतरी दुसरं टाक. तिने लाइट जाण्याची वेळ टाकली. दुसऱ्या दिवशी माणसं आणखी बातम्या घेऊन आली. मशीन दोनदा मेलं, दोन्ही वेळा सोमाने दुसरं आणून लावलं. दिपिकाला वाटत होतं, आपल्या चॅनलवर फक्त सिनेमे लागतात. ती स्वतः चॅनल कशाला बघतेय?

(घरी येऊन नंदाला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला ठाऊक हाय. मी शेजारच्या भाविकाकडे रोज बघते. तुमी रडला होता, कसा सांगायचा?" दहा वर्षं, भरतभाऊ! एका छपराखाली!)

पण खरा घाव अजून पुढे होता. जनीने मला विचारलं, सायेब, तुम्ही कागदावर काय लिहिलंत? दिपिकाताईंनी वाचला आणि म्हणाल्या, घरतकाका लिहितात सेवा बंद आहे, मग समारंभ झाला की वरची खोली रिकामी करू, मशीन भंगारात देऊ. जनीने तिला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "छापायला दिलेला कागद खोटा हाय असा मी कसा बोलू? तो तुमचा हाय."

मग तिने कपाटातून वह्या काढल्या. जे पान टाकायचं ते ती आधी वहीत लिहिते. तीस-बत्तीस वह्या होत्या. मी चाळत बसलो. कोणाची म्हैस सापडली, कोणाला रक्त पाहिजे, कोणाचं लेकरू स्टेशनवर चुकलं आणि कोणाकडे सुखरूप आहे. मग दोन हजार एकवीसचा एप्रिल आला. तेव्हा मी कोरोनाने दवाखान्यात होतो, तुम्हाला आठवत असेल. वहीत लिहिलं होतं: 'घरतसायेब दवाखान्यात हायेत. ताप हाय.' दुसऱ्या दिवशी: 'ताप तसाच.' असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी: 'सायेबांनी आज पेज खाल्ली. काळजी नाय.'

भरतभाऊ, मी घरी आलो तेव्हा कोलाडची एक अनोळखी बाई दारात गावठी अंडी ठेवून गेली होती. रिक्षावाले विचारायचे, चव आली का? मला वाटायचं, ही माझी सोळा वर्षांची पुण्याई, रोहा तालुका मला विसरलेला नाही. ही पुण्याई जनीची होती. ती रोज नंदाला फोन करून विचारायची आणि टाकायची. मी वही मिटली. जनी म्हणाली, "च्या आनू का?" मी उठलो आणि चहा मीच आणला.

समारंभ गेल्या रविवारी झाला. मी उभा राहून खरा इतिहास वाचला: सोळा वर्षं माझी, पुढची दहा जनीची, आणि मधला दीड महिना माझ्या निरोपाचा. सभागृह हसून लोळलं. दिपिकाचा चेहरा मात्र निडीला माझा झाला होता तसा झाला. तिने माइक घेतला आणि विचारलं, हे कोण कोण बघतं? हात वर झाले. मागे उभ्या असलेल्या वाडीवरच्या बाया, खाडीकडची मिठागरातली माणसं, सोनी, आणि माझी बायको. दिपिकाने हात मोजले. मग म्हणाली, जनीमावशी, वर या. पण जनी निघून गेली होती, चारचं पान टाकायचं होतं. दिपिका स्वतः जिना चढून तिच्याकडे गेली. खोली रिकामी होणार नाही, असं तिथेच ठरलं.

ताईंना नमस्कार. तुमच्या गुडघ्याला नंदाने तेल सुचवलं आहे, ते ताई सांगतीलच.

आपला,
हिरामण घरत

ता. क. : वर मी 'उभा राहून खरा इतिहास वाचला' असं लिहिलं आहे. तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या खिशात दोन्ही कागद होते आणि मी बाहेर काढला तो जुना. 'कायमची विसावली'पर्यंत वाचलासुद्धा. तेव्हा मागून सोनी ओरडली, "ओ भाऊ, खोटा बोलू नका, मी येताना बघून आलेय!" त्यानंतर दुसरा कागद काढला. पण काढला, हे खरं.

आणखी एक : स्मरणिका अजून छापायला जायची आहे आणि अक्षरवाणीच्या इतिहासावर शेवटचा हात जनीने फिरवावा, असं दिपिकाने ठरवलं. जनीने माझी नव्याने लिहिलेली चौदा पानं नऊ ओळींत बसवली. मजकूर उत्तम आहे, मलासुद्धा जमला नसता. पण त्यात माझं नाव नाही. विचारलं तर म्हणाली, जागा नाय. तिची सून मनस्वी तुमच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते, आणि जनी ऐकते ती फक्त सुनेचं. तेवढा मनस्वीकडे शब्द टाका, भरतभाऊ. मी अर्धी ओळसुद्धा मागत नाही. 'आधी घरत होते.' तीनच शब्द. साहेब नको.