जेवणाची वेळ आणि शेवटची पोळी

हिंगणघाट, रविवार संध्याकाळ

लेकीचा फोन ठेवल्यापासून एकच गोष्ट डोक्यात. सोनू आम्हा दोघांना क्रूझवर पाठवते आहे. बुकिंग करता करता तिनं विचारलं, "आई, जेवन रोज ठरल्या टायमाले पायजे, का भूक लागन तेवा?"

हे सोफ्यावरूनच बोलले, "भूक लागन तेवा! बांधून काऊन घ्याचं?"

यांना भूक लागेल तेव्हाच तर आजवर जेवणं झाली या घरात. कापसाच्या जिनिंगमधून कधी दुपारी यायचे, कधी दिवस कलताना. मी तवा तापवून बसलेली. फुगलेली पोळी यांच्या ताटात, शेवटची माझी, तीही ओट्यापाशी उभ्यानं. कोणी तसं सांगितलं नव्हतं. मीही कधी बोलले नाही. मग आजच का टोचावं?

पण ती शेवटची पोळी आठवली, आणि तोंडून निघूनच गेलं, "सोनू, ठरलेला टाइम घे. दोघांचं टेबल."

फोन ठेवला तर हे माझ्याकडे बघतच राहिलेले.

"दोघं संगंच बसलो, तर वाढन कोन?"

थट्टा नव्हती ती. खरंच विचारत होते.